दोन धन्यांची धून

माझ्या मुलानं, विश्वजितनं, बँकेतली पंख्याखालची नोकरी सोडली आणि हवेचं दुकान काढलं. हवेचं म्हणजे खरोखरच हवेचं. लखनौच्या कपूरथला बाजारात एका दवाखान्याच्या वर खोली घेतली. तिच्यात फॅक्सचं यंत्र, रेक्झिनचा सोफा आणि निळ्या डब्यांनी भरलेलं कपाट. डब्यात सीडीच्या चकत्या, आणि चकत्यांवर युरोपातल्या लोकांनी वाजवून ठेवलेलं संगीत. तेही विकायचं नाही. वापरायला द्यायचं आणि परत आपलंच म्हणायचं.

धंदा काय, ते त्यानं मला जेवताना समजावलं. सिनेमावाल्यांना, टीव्हीवाल्यांना, जाहिराती करणाऱ्यांना मागं वाजायला काहीतरी लागतं. परदेशात पोरं कॉम्प्युटरवर बंदुका झाडायचे खेळ खेळतात, त्या खेळांनासुद्धा लागतं. दुसऱ्याचं उचलून वाजवलं तर ती चोरी. म्हणून बेल्जियममधल्या एका कंपनीनं आधीच हजारो धुना वाजवून ठेवल्यात. ज्याला हवी त्यानं परवाना काढायचा. कशासाठी, कुठं, किती दिवस, ते लिहून द्यायचं आणि पैसे मोजायचे. उत्तरेत हे परवाने देणारा म्हणजे आमचा विश्वजित.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण मला एवढं कळतं की आमच्या साताऱ्याकडं सनईवाला दारात आला की आधी विचारतो, लग्न कुणाचं. डब्यावरच्या चित्रातली ही काळ्या कोटातली चाळीस माणसं कुणासाठी वाजवतायत तेच त्यांना ठाऊक नाही. वाजवून ठेवायचं आणि घरी जायचं. मग ते कुणाच्या साबणाला लागो नाहीतर कुणाच्या मढ्याला.

त्या डब्यांबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. धुनांना नावं नव्हती, नुसते नंबर. कैद्यांना असतात तसे. नंबरापुढं ती कुठं वापरायची ते लिहिलेलं. माझी नात रुचा मला हिंदीत करून वाचून दाखवायची. सकाळ, शेत, आशा. श्रीमंत घर, रात्र. विजय, मध्यम. मी विचारलं, मध्यम विजय म्हणजे काय गं? अर्धी लढाई जिंकली आणि जेवायला घरी आले? रुचा हसून लोळली आणि म्हणाली, "दादी, आप तो कमाल हो." आजी मराठीत विचारणार आणि नात हिंदीत उत्तर देणार. आमच्या घरची ही रीतच झालीय.

वर्षभर त्या सोफ्यावर बसून लखनौच्या लोकांनी चहा प्यायला. कुणी नाही म्हणत नव्हतं. या शहरात नाही म्हणायची पद्धतच नाही. "वाह, क्या चीज़ है" म्हणायचे, चकती घरी ऐकायला न्यायचे, कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि चकती पुसून परत आणून द्यायचे, वर आभार. माझा मुलगा म्हणायचा, मार्केट तयार होतंय. माझी सून नीलम शाळेत शिकवायची म्हणून घरात भाजी येत होती, हे तो म्हणायचा नाही.

मग खानसाहेब आले.

खानसाहेबांची मलिहाबादला दशहरीची बाग. माझे यजमान एअर फोर्समध्ये होते, बक्शी का तालाबला. तेव्हापासून मेसला आंबा यांच्या बागेतून जायचा. यजमान गेले, मेस सुटली, आम्ही महानगर वस्तीतल्या घरी आलो, तरी दर जूनमध्ये एक पेटी यायचीच. आता त्यांनी दशहरीचा रस डब्यात भरून विकायचा घाट घातला होता. सिनेमाघरात आणि टीव्हीवर जाहिरात द्यायची होती. दवाखान्याचा जिना चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते, म्हणून विश्वजितनं चकत्या वाजवायचं यंत्र आणि डबे घरीच आणले.

बागेत मोहर धरायचे दिवस होते. खानसाहेब दिवाणखान्यात बसून एकामागून एक धुना ऐकत होते आणि मी साठवणीतल्या पन्ह्याचा पेला घेऊन समोर. काही धुना ऐकून वाटायचं, भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली आलं. काही अशा, की मांजर बाळंत होतंय. विश्वजित पुस्तकातून अर्थ सांगत होता आणि खानसाहेब मान हलवत होते. पण पसंतीला नव्हे, अदबीला. मला तो फरक कळत होता, माझ्या मुलाला नव्हता.

मग चौतीस नंबर लागला.

आता मी खोटं कशाला लिहू. मलाही ती आवडली. एकच व्हायोलिन खालून हळूहळू निघतं, भरली घागर घेऊन बाई पायऱ्या चढते तसं, सांडू न देता. मधे एका जागी थांबतं. आता सांडणार असं वाटतं. आणि तिथून एकदम वर जातं. त्या जागेला खानसाहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, बस, यही.

कागद आला. नेमका तेव्हाच आत फोन वाजला आणि विश्वजित उठून गेला. खानसाहेबांनी कागद हातात धरला, पण वाचला नाही, चष्मा काढून ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "भाभी, काग़ज़ तो होता रहेगा. आप बताइए. ये धुन अब हमारी हुई? कहीं और तो नहीं बजेगी?"

आता मला कुणी काही विचारलं की उत्तर तयार असतं, ही माझी सवय. शिवाय गोष्ट साधी होती. दिली ती दिली. मी म्हटलं, "नहीं बजेगी, खानसाहब. हमारे घर से गई चीज़ दूसरे के घर नहीं जाती."

त्यांनी चष्मा परत लावलाच नाही. तशीच सही केली. मान वर केली तर विश्वजित पडद्यापाशी उभा होता, तोंड किंचित उघडं. मग त्यानं ते मिटलं आणि कागद उचलून घेतला.

एप्रिलच्या उन्हात जाहिरात लागायला लागली. काशाच्या वाटीत रसाची धार पडते, व्हायोलिन चढतं, आणि नेमक्या त्या जागेला वाटी भरते. ती लागली की रुचा ओरडायची, "दादी, आपका आम आ गया." मी हातातलं टाकून बाहेर यायची. गल्लीतल्या बायका विचारायच्या, तेव्हा मी सांगायची की पसंतीला मी होते. केबलवाल्याच्या पोरापासून इस्त्रीवालीपर्यंत सगळे ती धून गुणगुणायचे. खानसाहेबांचे डबे दुकानात टिकत नव्हते. विश्वजितची मान ताठ झाली, त्यानं सोफ्याचं रेक्झिन बदललं.

पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी रुचानं तशीच हाक मारली. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. व्हायोलिन चढत होतं. पण पडद्यावर वाटी नव्हती. रंगवलेले डास होते, माणसासारखी तोंडं केलेले, टोप्या घातलेले. कोपऱ्यात मच्छरची कॉइल धुमसत होती. आणि जिथं वाटी भरायची नेमक्या त्या जागेला डास पाय वर करून पटापट खाली पडले.

रुचा हळूच म्हणाली, "दादी, ये तो आम नहीं है."

विश्वजित घरी आल्यावर मी ताट वाढलं नाही. आधी विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काही नाही म्हणून. विकासनगरच्या सूदसाहेबांची कॉइल. त्यांनी आंब्याची जाहिरात ऐकली आणि हीच धून पाहिजे म्हणून धरून बसले. यानं परवाना दिला. कंपनीच्या नियमात बसतं. खानसाहेबांचा कागदही असाच आहे, एकट्याचा नाही. एकट्याचा हवा तर त्याची किंमत निराळी, ती इथं कुणाला झेपायची नाही. "आई, ही लायब्ररी आहे. एक पुस्तक दहा जण वाचतात, त्यात काय बिघडलं?"

"पुस्तक वाचणारा गावभर माझं पुस्तक, माझं पुस्तक म्हणून ओरडत फिरत नाही."

मग कळलं की धून आधीच जग फिरून आलेली. पोर्तुगालमध्ये कुठल्या विम्याच्या जाहिरातीला होती. जर्मनीत कॉम्प्युटरच्या खेळात एक शिपाई विहिरीत उतरतो, तिथंही हीच. म्हणजे आम्ही खानसाहेबांच्या गळ्यात बांधली तेव्हाच तिचे दोन संसार चालू होते. मी विचारलं, ज्यानं ही रचली त्याला तरी विचारता का, बाबा, आंब्याला देऊ की डासाला? विश्वजित म्हणाला, त्यानं एकदाच सही केलेली असते, पुढं नुसता वाटा मिळतो. म्हणजे तोही आमच्यासारखाच. न वाचता सही करणारा.

मी म्हटलं, खानसाहेबांनी तुझ्यासमोर मला विचारलं होतं. तू पडद्यापाशी उभा होतास.

त्यानं समोरचं रिकामं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तेव्हा बोललो असतो तर सही गेली असती, आई. ती माझी पहिली सही होती."

नीलम उठून आत गेली. मला वाटतं, तिला माझ्याआधी लाज वाटली.

मी म्हटलं, "कंपनीची धून कुणी विचारल्याशिवाय वाजवली तर तू त्याला चोर म्हणतोस. माझी जीभ वापरून धंदा केलास, तिचा परवाना कुणाकडून काढला होतास?"

 असा परवाना त्या जाड पुस्तकातही नसणार.

चार दिवसांनी खानसाहेब आले. पेटी नाही, ड्रायव्हर नाही, एकटेच. मी पन्हं ठेवलं, त्यांनी साधं पाणी मागितलं. पाण्याचा पेला हातात धरून बसले आणि बागेचं बोलले. यंदा ठेका कुणाला गेला, फळ कसं उतरलं. मला वाटलं, बोलणारच नाहीत. मग म्हणाले, "भाभी, हम तो ठेके वाले लोग हैं. पेड़ हमारा रहता है, बहार ठेकेदार की. विश्वजित मियाँ का काम हम उनसे पहले से जानते हैं. मगर एक बाग़ की एक बहार कोई दो को नहीं देता. मलिहाबाद में जिसने दी, उसके फाटक पर फिर कोई ठेकेदार नहीं आया."

विश्वजित कागद दाखवायला उठला. मी नुसतं बघितलं, तसा बसला.

"काग़ज़ हमने अब पढ़ लिया है, बेटा. काग़ज़ ठीक है," खानसाहेब म्हणाले. "हमने तो भाभी से पूछा था."

एवढंच. ओरडले असते तर मीही ओरडले असते, त्यात मला कुणी हरवलेलं नाही. पेला खाली ठेवून सलाम करून गेले. एवढ्या वर्षांत या घराच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा मागं फार काही नव्हतं, पण उधारीवर कुणी कागद मागितला नव्हता. तो शब्द आता टोप्या घातलेल्या डासांबरोबर रोज रात्री बातम्यांच्या आधी पाय वर करून पडत होता.

पंधरा दिवस ते ऐकून घेतलं आणि मग मी विश्वजितला म्हटलं, गाडी काढ. विकासनगर.

सूदसाहेबांचं घर आणि गोदाम एकातच. दारात कॉइलची खोकी आणि आत सगळीकडं त्या धुराचा वास. भिंतीवर गणपती, लक्ष्मी, गुरुजींचा फोटो, आणि त्यांच्या रांगेत फ्रेम करून लावलेला माझ्या मुलाचा परवाना. वर बेल्जियमचा शिक्का. उदबत्तीही त्याच्यापुढंच लावत असतील. मी काही मागायच्या आधीच सूदसाहेबांनी फ्रेमकडं बोट केलं. "माताजी, साल भर का काग़ज़ है. और ट्यून में क्लास है, क्लास. मच्छर भी इज़्ज़त से मर रहा है."

विश्वजितनं वाटेत मला बजावलं होतं की कागद पक्का आहे, आपल्याला काही करता येणार नाही. कागद मोडायला मी आलेच नव्हते.

मी म्हटलं, ठेवा की, बेटा. मी तर तुमचे आभार मानायला आले. आमच्या खानसाहेबांचा आंबा तुम्ही स्वतःच्या पैशानं विकून देताय, एवढा मोठा मनाचा माणूस मी लखनौत बघितला नाही.

ते हसले. मी हसले नाही. म्हटलं, टीव्हीवर टॉवेल टाका. चित्र दिसता कामा नये. आणि तुमची टेप लावा.

त्यांना वाटलं, म्हातारीची लहर. नोकराला हाक मारून टॉवेल टाकला, टेप लावली. व्हायोलिन निघालं. आम्ही तिघं त्या टॉवेलकडं बघत बसलो. घागर पायऱ्या चढत गेली, थांबायच्या जागी थांबली, वर गेली. आणि आतून, स्वयंपाकघरातून, सूदांच्या बायकोचा आवाज आला, "अजी सुनते हो. वो आम के रस के दो डिब्बे और मँगवा लेना, बच्चे ख़त्म कर गए."

सूदसाहेबांनी टॉवेलकडं बघितलं, मग फ्रेमकडं. टेप चालूच होती, डास टॉवेलमागं मरत होते. त्यांनी बायकोला बाहेर बोलावून विचारलं, हे काय लागलंय. तिनं पदराला हात पुसत सांगितलं, आम वाला, और क्या. वर माझ्याकडं बघून म्हणाली की रस फार छान आहे, आपण घेता का.

मी म्हटलं, आमच्याकडं पेटी येते.

तिथल्या तिथं त्यांनी विश्वजितला दुसरी धून दाखवायला सांगितलं. माझा मुलगा पिशवीत ते जाडजूड पुस्तक घेऊनच हिंडतो. सूदसाहेबांनी काय निवडलं, विचारा. विजय, मध्यम. ढोल वाजतात, तुताऱ्या वाजतात आणि अर्ध्यात संपतं. डासांना पुरे आहे तेवढं.

परतताना विश्वजित फार खुशीत होता. म्हणाला, आई, तू माझ्याबरोबर ऑफिसला यायला लाग, क्लायंटशी तूच बोल. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, माझी जीभ आता भाड्यानं मिळत नाही. पुढं सरळ घे, घरी वळू नकोस. मलिहाबाद.

श्रावण होता. बागेत फळ नव्हतं, नुसती धुतलेली काळीभोर झाडं. खानसाहेब बाजेवर बसून ठेकेदाराशी हिशेब करत होते. मला बघून उठले, ठेकेदाराला पाठवून दिलं आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, "खानसाहब, मैंने कहा था कहीं और नहीं बजेगी. आज से नहीं बजेगी. सूद के यहाँ से उतरवा के आई हूँ."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी खाली बघितलं. मग अगदी हळू, जणू चूक त्यांचीच होती, असं सांगितलं की त्यांनी स्वतःच्या जाहिरातीतून ती धून आठवड्यापूर्वीच काढून टाकली. "क्या करते, भाभी. कानपुर के व्यापारी को इश्तहार दिखाया. रस की धार पड़ रही थी और वो बैठा पाँव से मच्छर झटक रहा था. अब सरोद लगवा लिया है."

विश्वजितच्या हातातली पिशवी खाली आली. त्याच्या कंपनीचं या बागेतलं खातं तिथंच संपलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. एकदा तरी दुसऱ्याच्या शब्दाची किंमत त्यानं स्वतःच्या खिशातून मोजावी.

तर माझा शब्द खरा झाला. कुठंच वाजणार नाही म्हटलं होतं, आता कुठंच वाजत नव्हती. बेल्जियमच्या त्या चाळीस माणसांतल्या एकानं एवढी घागर चढवली. आमच्या लखनौत तिला ना आंब्यानं ठेवलं ना डासानं.

मग मी खुर्चीवर बसले. खानसाहेबांनी या खेपेला पन्हं मागवलं आणि स्वतःही घेतलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. एकदम म्हणाले, "भाभी, वो धुन साथ में है क्या? एक दफ़ा सुनवा दीजिए. बाज़ार के लिए नहीं."

विश्वजितच्या पिशवीत सेलवर चालणारं यंत्र असतंच. मी त्याला विचारलं, का रे, बागेत बसून तीन माणसांनी ऐकायला काही परवाना लागतो का? तो म्हणाला, नाही आई, याला काही लागत नाही. एवढं तरी मोकळं ठेवलंय म्हणायचं कंपनीनं.

त्यानं यंत्र बाजेवर ठेवलं. व्हायोलिन निघालं. मोकळ्या हवेत ते घरच्यापेक्षा बारीक वाटत होतं. खानसाहेबांनी पहिल्या दिवशी मिटले होते तसे डोळे मिटले. घागर चढत गेली, ती जागा आली, थांबली. आता सांडणार असं वाटलं. आणि वर जाताना खानसाहेबांचा हात पटकन उठला आणि मानेवर बसला.

श्रावणात मलिहाबादच्या बागेत डास असतातच. पण तो हात कशानं उठला, ते आम्हा तिघांनाही कळलं. विश्वजितनं बंद करायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे. पुरी होऊ दे.